वाऱ्याचा बोगदा

विमानांचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो, तो बहुधा उड्डाणांचा इतिहास असतो. प्रथम कोण उडाला, समुद्र कोणी ओलांडला, सर्वांत उंच कोण चढला, या कथा आपण सर्वांनीं वाचलेल्या आहेत. आणि त्या वाचनीय असतात हेंही खरें. परंतु श्रोतेहो, आज जी हकीकत मी आपणांपुढें मांडणार आहें, तिच्यांतील बहुतेक माणसांचे पाय जमिनीवरच आहेत. ही हकीकत एका पेटीची आहे. इंग्रजींत तिला 'विंड टनेल' म्हणतात. आपल्याकडील विद्वानांनीं तिला 'वातविवर' असें भारदस्त नांव दिलें आहे. मी आपला साधेपणानें 'वाऱ्याचा बोगदा' म्हणेन. दोन्ही तोंडांनीं उघडी अशी लांबट पेटी, एका तोंडाशीं पंखा, आणि मध्यें टांगलेली विमानाची किंवा नुसत्या एका पंखाची लहानशी प्रतिकृति, एवढीच मूळ कल्पना.

तिच्या मागचा विचार मात्र ध्यानांत घेण्यासारखा आहे. स्थिर हवेंतून विमान ताशीं १०० मैल वेगानें गेलें काय, किंवा स्थिर विमानावरून हवा त्याच वेगानें वाहत नेली काय, विमानावर होणारा परिणाम एकच. पुलाच्या खांबाशीं नदीचें पाणी कसें फुटतें तें आपण काठावर उभें राहून पाहतों. खांबच पाण्यांतून ओढीत नेण्याची कल्पना कोणाच्या मनांत येत नाहीं. विमानाच्या बाबतींत मात्र हा साधा उलटा विचार सुचण्यास मनुष्यास बराच काळ लागला.

अठराव्या शतकांत इंग्लंडांत बेंजामिन रॉबिन्स यानें, आणि पुढें १८०४ सालीं सर जॉर्ज केली यानें, फिरत्या दांडीचा उपयोग केला होता. खळ्यांत मेढीभोंवतीं बैल फिरतो, तशी ही दांडी एका खुंटाभोंवतीं फिरे व तिच्या टोंकाशीं बांधलेल्या फळीवर हवेचा दाब किती पडतो हें मोजीत. युक्ति चांगली होती, पण तींत एक खोड होती. दोन-चार फेरे होतात न होतात तोंच सभोंवारची हवाही दांडीबरोबर गरगरूं लागे, आणि फळी स्वतःच ढवळून काढलेल्या हवेंतून फिरत राही. मग मोजलेला आंकडा कशाचा, फळीचा कीं भोंवऱ्याचा? फ्रान्सिस वेनम नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें १८७१ सालीं ग्रेट ब्रिटनच्या एरोनॉटिकल सोसायटीसाठीं जगांतील पहिला वाऱ्याचा बोगदा बांधला. त्याची लांबी १२ फूट, तोंड १८ इंच चौरस, पंखा वाफेच्या एंजिनावर चालणारा, आणि वाऱ्याचा वेग ताशीं ४० मैलांपर्यंत. वारा एकसारखा येत नसे, थरथरत येई. तरीही एक मोठी गोष्ट त्यानें दाखवून दिली. फळी वाऱ्याशीं अगदीं थोडी कलती धरली, तर तिला वर उचलणारा जोर हा मागें ढकलणाऱ्या जोराच्या कित्येक पट असतो. जुन्या गणितानें हा उचलीचा जोर फारच थोडा ठरविला होता, आणि त्या गणितावर विश्वासून कित्येकांनीं उड्डाणाची आशाच सोडली होती.

आतां मी आपणांस एका कोष्टकाकडे नेतों. आमच्या शिक्षकी पेशांत कोष्टकाला फार मान. छापील कोष्टक पाठ करावें, त्यावर उदाहरणें सोडवावींत, उत्तर चुकलें तर चूक विद्यार्थ्याची. कोष्टकाची कधींच नाहीं. लिलिएंथाल नांवाच्या जर्मन इंजिनियराचें असेंच एक कोष्टक होतें. ओटो लिलिएंथाल यानें पक्ष्यांच्या पंखांचा वर्षानुवर्षें अभ्यास करून १८८९ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८९१ पासून तो स्वतः केलेले पंख बांधून टेकड्यांवरून हवेंत तरंगत खालीं येऊं लागला. असे सुमारें २,००० झोके त्यानें घेतले. १८९६ च्या ऑगस्टांत एका झोक्यांत तो खालीं कोसळला व दुसऱ्या दिवशीं मरण पावला. ज्यानें आपल्या आंकड्यांवर आपला देह ठेवला, त्याच्या आंकड्यांविषयीं शंका कोण घेणार? वांकलेल्या पंखाला कोणत्या कोनांत किती उचल मिळते, याचें त्याचें कोष्टक पुढील संशोधकांस वेदवाक्याप्रमाणें झालें.

त्याच्या जोडीला आणखी एक आंकडा वापरला जाई, तो तर सव्वाशें वर्षांहून जुना. १७५९ सालीं जॉन स्मीटन या नामांकित इंजिनियरानें पवनचक्क्यांवर निबंध वाचला. त्यांतील वाऱ्याच्या दाबाच्या कोष्टकावरून हा आंकडा निघाला होता. एक चौरस फूट फळीवर ताशीं एक मैल वेगाचा वारा समोरून आदळला, तर दाब ०.००५ पौंड, आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत तो वाढत जातो. म्हणजे ताशीं २० मैलांच्या वाऱ्यांत दर चौरस फुटास २ पौंड. हा आंकडा इतक्या पुस्तकांत छापला गेला होता कीं, तो कोठून आला हें विचारण्याचें कोणास कारणच पडत नसे.

अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत डेटन या गांवीं विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे दोघे भाऊ सायकलींचा कारखाना चालवीत. दोघांपैकीं एकाजवळहि हायस्कूलचें प्रमाणपत्र नव्हतें, हें सांगतांना माझ्यासारख्यानें किंचित् ओशाळावें हेंच बरें. या दोघांनीं लिलिएंथालचें कोष्टक व स्मीटनचा आंकडा घेऊन पंखांचा हिशेब केला आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर किटी हॉक येथील वाळूच्या टेकड्यांवर, प्रथम १९०० सालीं व नंतर १९०१ सालीं, बिनएंजिनाचीं तरंगयानें नेऊन पाहिलीं. दुसरें यान पुष्कळ मोठें होतें. पंखांचा विस्तार २२ फूट आणि क्षेत्रफळ २९० चौरस फूट. हिशेबाप्रमाणें त्यानें मनुष्याला सहज उचलावयास हवें होतें. प्रत्यक्षांत उचल मिळाली ती हिशेबाच्या सुमारें एक तृतीयांश! दोघे भाऊ त्या ऑगस्टांत खिन्न मनानें घरीं परतले. मनुष्य आणखी पन्नास वर्षें तरी उडणार नाहीं, असें त्या वेळीं आपण भावाजवळ बोललों होतों, असें विल्बरनेंच पुढें १९०८ सालीं पॅरिस येथील भाषणांत सांगितलें.

त्याच सप्टेंबरांत शिकागोच्या इंजिनियर मंडळींपुढें विल्बरला व्याख्यानास बोलावणें आलें. ऑक्टेव्ह शनूट या वृद्ध व थोर मनाच्या इंजिनियराची ती खटपट होती. व्याख्यानांत विल्बरनें प्रसिद्ध कोष्टकांविषयीं शंका बोलून दाखविली. परंतु व्याख्यान छापावयाचें म्हटल्यावर प्रश्न आला. मोठ्या माणसांचे आंकडे चुकले आहेत असें छापून टाकावयाचें, तर स्वतः मोजून पाहिल्यावांचून कसें छापावें? येथें मला या भावांचा खरा मोठेपणा दिसतो. शंका घेणें सोपें आहे. शंकेचें मोजमाप करणें कठीण.

प्रथम त्यांनीं आपल्या धंद्यांतलीच वस्तु हातीं घेतली. सायकलीच्या हँडलापुढें एक तिसरें चाक आडवें बसविलें, त्यावर एका बाजूस चपटी पट्टी व दुसऱ्या बाजूस वांकलेला पत्रा उभा केला, आणि सायकल जोरानें हाणीत निघाले. लिलिएंथालच्या कोष्टकाप्रमाणें वांकलेला पत्रा ५ अंशांवर धरला असतां दोहोंची बरोबरी व्हावयास हवी होती. ती झाली १८ अंशांवर. पण रस्त्यावरचा वारा कोणाच्या हुकुमांत नसतो. म्हणून त्यांनीं खळीच्या एका जुन्या खोक्याचा तात्पुरता बोगदा करून पाहिला, आणि नंतर दुकानाच्या माडीवर नीट लांकडी बोगदा उभा केला. लांबी ६ फूट, आंतील पोकळी १६ इंच चौरस, वर कांच बसविलेली. कारखान्यांतील यंत्रें ज्या गॅसच्या एंजिनावर चालत, त्याच्याच पट्ट्यावर पंखा जोडला. पंख्याचा वारा पीळ घेत येतो, म्हणून त्याच्या वाटेंत मधाच्या पोळ्यासारखी जाळी घालून तो सरळ केला. इतकेंच नव्हे, तर प्रयोग चालू असतां खोलींतली कोणतीहि मोठी वस्तु जागची हलवावयाची नाहीं आणि मोजणारानें प्रत्येक वेळीं एकाच ठिकाणीं उभें राहावयाचें, असा त्यांचा दंडक होता. कारण माणूस नुसता बाजूला सरला तरी खोलींतल्या वाऱ्याचा ओघ बदले.

परंतु बोगद्याहून मला त्यांचा तराजू अधिक नवलाचा वाटतो. करवतीच्या जुन्या पात्यांचे तुकडे व सायकलीच्या आऱ्यांची तार एवढ्यांतून त्यांनीं तो घडविला. वरच्या बाजूस पंखाचा नमुना आणि खालीं कांहीं चपट्या पट्ट्या वाऱ्यास समोरून तोंड देणाऱ्या. वारा सुटला कीं नमुना आपल्या उचलीनें तराजूस एका अंगास ओढी व पट्ट्या दुसऱ्या अंगास. जेथें दोघांची ओढाताण सम होई, तेथील कोन कांट्यावर वाचावयाचा. यांतली खुबी अशी कीं, वारा थोडा वाढला किंवा मंदावला तरी तो दोन्ही बाजूंस सारखाच वाढतो किंवा मंदावतो, आणि प्रमाण कायम राहतें. म्हणजे ज्या स्मीटनच्या आंकड्याचा संशय होता, त्याची या मोजणींत गरजच उरली नाहीं. संशयित साक्षीदारास बाजूस ठेवून खटला चालवावा, तसेंच हें झालें.

१९०१ च्या ऑक्टोबरापासून डिसेंबरापर्यंत हें काम चाललें. पातळ पोलादी पत्रा कातरीनें कापून व हातोडीनें वांकवून त्यांनीं पंखांचे सुमारें २०० लहान नमुने केले. लांबट, आखूड, चौकोनी, गोल टोंकांचे, एकावर एक दोन, एकावर एक तीन. चाळिसांहून अधिक निवडक नमुने सर्व कोनांत पद्धतशीर मोजले. मग निकाल काय लागला? लिलिएंथालचें कोष्टक त्याच्या स्वतःच्या पंखापुरतें बरेंचसें बरोबर होतें! चूक मुख्यतः दोन ठिकाणीं होती. एक तर स्मीटनचा आंकडा ०.००५ नसून सुमारें ०.००३३ हवा होता. ताशीं २० मैलांच्या वाऱ्यांत दर चौरस फुटास २ पौंड नव्हे, सुमारें १.३ पौंड. आणि दुसरें म्हणजे, एका आकाराच्या पंखाचें कोष्टक भलत्याच आकाराच्या पंखास लावलें गेलें होतें. भावांच्या १९०१ च्या पंखाची लांबी रुंदीच्या तिपटीहून थोडीच अधिक होती. बोगद्यानें सांगितलें कीं तेवढेंच क्षेत्रफळ लांबट व अरुंद पंखांत घाला, उचल पुष्कळ वाढेल. मेलेल्या लिलिएंथालवर नाहक बालंट येऊं पाहत होतें. लांकडी पेटीनें त्याला त्यांतून सोडविलें, हा त्या हिंवाळ्यांतला मला सर्वांत आवडणारा निकाल.

पुढील वर्षीं, १९०२ सालीं, त्यांनीं केलेल्या यानाचे पंख ३२ फूट लांब व ५ फूट रुंद होते. त्यानें सुमारें हजारभर झोके घेतले, त्यांतील सर्वांत लांब ६२२ फुटांचा. पुढें एंजिनाचा पंखा करावयाची वेळ आली, तेव्हां पंखा म्हणजे गरगर फिरणारा विमानाचा पंखच, असें धरून त्याच बोगद्याच्या आंकड्यांवरून त्यांनीं तो आंखला. १७ डिसेंबर १९०३ रोजीं पहिलें उड्डाण १२ सेकंदांचें व १२० फुटांचें झालें; त्याच दिवसाचें चौथें ५९ सेकंदांचें व ८५२ फुटांचें. त्याच सालीं, सरकारचे ५०,००० डॉलर हातीं असलेले प्रोफेसर लँग्ले यांचें विमान ऑक्टोबरांत एकदां व डिसेंबरांत एकदां पोटोमॅक नदींत पडलें होतें. लँग्ले थोर शास्त्रज्ञ होते, यांत शंका नाहीं. पण ते फिरत्या दांडीच्या पिढींतले.

येथून पुढें बोगदा हें शास्त्राचें उपकरण झालें, आणि त्याबरोबर त्याच्या खोड्याही बाहेर आल्या. पॅरिसचा प्रसिद्ध मनोरा बांधणारे गुस्ताव्ह आयफेल यांनीं उतारवयांत आधीं मनोऱ्यावरून वस्तु खालीं सोडून हवेचा रोध मोजला, आणि १९०९ सालीं मनोऱ्याच्या पायथ्याशीं बोगदा बांधला. १९१२ सालीं तो ओत्यी या भागांत नेला. तेथें त्यांनीं साध्या गोळ्यावरील रोध मोजला, तों तो जर्मनींतील गटिंगेन येथील लुडविग प्रांट्ल यांच्या बोगद्यांतील आंकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरला! गोळ्यासारखी साधी वस्तु, आणि दोन थोर प्रयोगशाळांत एवढी तफावत. एकाची मोजणी चुकली, असेंच कोणालाहि वाटावें. १९१४ सालीं प्रांट्ल यांनीं गोळ्याभोंवतीं एक बारीक तार बसविली, आणि तार बसवितांच त्यांच्याही बोगद्यांत रोध एकदम उतरला. गोळ्याला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर शांत असला, तर तो लौकर सुटतो व मागें मोठी पोकळी करतो. तोच थर खवळलेला असला, तर गोळ्याला अधिक दूरपर्यंत चिकटून राहतो आणि रोध घटतो. आयफेल यांच्या वाऱ्यांत वेग अधिक असल्यानें थर खवळलेला होता, प्रांट्ल यांच्या वाऱ्यांत शांत. दोघेही खरे होते. क्रिकेटच्या चेंडूची शिवण एका बाजूस कलती ठेवून वेगवान गोलंदाज जो चेंडू हवेंत वळवितो, त्याच्या मुळाशीं हेंच रहस्य आहे.

या प्रांट्ल यांच्या हाताखालीं १९३० नंतरच्या दशकांत एका मराठी गृहस्थांनीं शिक्षण घेतलें, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांचें नांव विष्णु माधव घाटगे. गटिंगेनची डॉक्टरेट घेऊन ते परत आले, बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत रुजू झाले, तेथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें १९४२ सालीं विमानशास्त्राचा विभाग सुरू करण्यांत त्यांचा हात होता, आणि ऑगस्ट १९५१ मध्यें त्यांच्या देखरेखीखालीं आंखलेलें 'एच.टी.-२' हें शिकाऊ वैमानिकांचें विमान आकाशांत गेलें.

गोळ्याच्या भांडणांतून एक अडचण स्पष्ट झाली. लहान प्रतिकृतीवर हवा जशी वागते, तशीच ती पूर्णाकार विमानावर वागेल असें नाहीं. प्रांट्ल यांचेच शिष्य माक्स मुंक यांनीं अमेरिकेंत यावर तोड काढली. विमान विसांशानें लहान केलें तर हवा वीसपट दाट करा! व्हर्जिनियांतील लँग्ले येथें पोलादी टांकींत बंद केलेला असा बोगदा १९२३ पासून काम करूं लागला. आंत हवेचा दाब वीस वातावरणांएवढा. त्यांतून पंखांच्या आकारांची पद्धतशीर मालिका तयार झाली, व १९३३ सालीं ७८ आकारांची मापें एकत्र प्रसिद्ध झालीं. नवें विमान आंखणारानें त्यांतून आपल्यास हवा तो आकार निवडावा. 'डाकोटा' म्हणून आपणांस परिचित असलेल्या डी.सी.-३ विमानाचे पंख याच कुळांतले. त्याच्या मूळ नमुन्याच्या सुमारें २०० परीक्षा कॅलिफोर्नियांतील पासाडेना येथील बोगद्यांत झाल्या होत्या, आणि पंख व धड यांच्या सांध्यांत हवा घोटाळते असें दिसल्यावरून तो सांधा भरून गुळगुळीत करण्यांत आला. हें विमान प्रथम उडालें १७ डिसेंबर १९३५ रोजीं, राइट बंधूंच्या उड्डाणास बरोबर ३२ वर्षें झालीं त्या दिवशीं. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं आपले शीख सैनिक श्रीनगरास उतरले ते डाकोटांतून. आणि १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून टपाल घेऊन निघालेलीं डाकोटा विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत व थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत.

लँग्ले येथेंच १९२७ सालीं २० फूट व्यासाचा बोगदा झाला. त्यांत एंजिनासकट सर्व पुढचा भाग उभा करतां येई. गोल एंजिनाचीं नळकांडीं उघडीं राहिल्यानें किती रोध होतो हें मोजून त्यांवर एक विशिष्ट आकाराचें झांकण बसविण्यांत आलें. १९२९ सालीं लॉकहीड कंपनीच्या एका विमानावर तें बसवितांच वेग ताशीं १५७ मैलांवरून १७७ मैलांवर गेला. एंजिनाची शक्ति एका घोड्यानेंही वाढविली नव्हती.

ध्वनीच्या वेगाजवळ मात्र बोगद्यानेंच हात टेकले. तेथें प्रतिकृतीमुळें वाऱ्याचा मार्गच तुंबतो, घशांत घांस अडकावा तसा, आणि नेमक्या हव्या त्या वेगांत आंकडे विश्वासास पात्र राहत नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत वेगवान विमानें सूर मारतांना वैमानिकाच्या हातीं न राहण्याचे प्रसंग येऊं लागले होते, तेव्हां ही केवळ विद्वानांची अडचण नव्हती. १९५० च्या सुमारास जॉन स्टॅक व त्यांचे सहकारी यांनीं बोगद्याच्या भिंतींना लांब चिरा ठेवून हा तुंबारा मोकळा केला. त्या बोगद्यांत रिचर्ड व्हिटकोम यांनीं १९५२ सालीं शोधून काढलें कीं, जेथें पंख धडास जोडले जातात तेथें धड कमरेंत आवळलें पाहिजे, म्हणजे विमानाचा एकूण छेद एकाएकीं फुगत नाहीं. 'एफ-१०२' हें लढाऊ विमान १९५३ सालीं तयार झालें, पण सरळ उड्डाणांत ध्वनीचा वेग कांहीं केल्या ओलांडीना. त्याचें धड डमरूप्रमाणें मध्यें आवळण्यांत आलें, आणि १९५४ च्या डिसेंबरांत त्यानें तो वेग ओलांडला.

बंगळूरच्या इन्स्टिट्यूटमध्यें १४ फूट रुंद व ९ फूट उंच असा मोठा बोगदा आहे. आणि सतीश धवन यांनीं तेथें ध्वनीहून अधिक वेगाचा पहिला लहानसा बोगदा केला, त्याचें तोंड अवघें १ इंच व ३ इंच. त्याच शहरांतील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचा १.२ मीटर चौरस तोंडाचा बोगदा १९६७ सालीं सुरू झाला. त्यांत ध्वनीच्या वेगाच्या अलीकडचे, त्याच्या आसपासचे व पलीकडचे असे तिन्ही प्रकारचे वारे सोडतां येतात. आपल्या उपग्रह नेणाऱ्या अग्निबाणांच्या व 'तेजस' विमानाच्या प्रतिकृति त्यांतून गेलेल्या आहेत. आतां हवेच्या ओघाचें गणित करणारीं प्रचंड गणकयंत्रें हाताशीं आहेत, तरी बोगदा बंद पडलेला नाहीं. गणकयंत्राचें उत्तर बोगद्याच्या आंकड्याशीं ताडून पाहिलें जातें. या बोगद्यांत पंखा नाहीं. यंत्रांनीं हवा दाबून दाबून मोठमोठ्या टांक्यांत भरावयाची, आणि मग झडप उघडून ती प्रतिकृतीवर सोडून द्यावयाची. वारा वाहतो तो मिनिटभरहि नाहीं, त्यांत काय तें मोजून घ्यावयाचें. आणि तें होतांच टांक्या पुन्हा भरावयास लागावयाचें.